बोलत धावणाऱ्या मिठबावकर बाई

मिठबावकर बाईंना पहिल्यांदा धावताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांचे यजमान बापू गेले.

दुसरं काही वाटायची सोयच नव्हती. नुकतं उजाडत होतं, मी अंगणात दात घासत उभी होते, आणि शेजारच्या फाटकातून बाई बाहेर पडल्या त्या सरळ धावतच सुटल्या. आचऱ्यात माणूस उगाच धावत नाही. घरात कोणी अत्यवस्थ असलं किंवा भातात गुरं शिरली, तरच धावतं. मी ब्रश तोंडात तसाच धरून बाईंच्या मागे धावले. मला बघून दूधवाला सायकल टाकून धावला. त्याला बघून कोपऱ्यावरच्या घरातली आजी हातातली केरसुणी घेऊनच निघाली. बाई देवळाच्या वळणापर्यंत पोचल्या, कमरेवर हात ठेवून थांबल्या, मागे वळल्या आणि आमची वरात बघून मलाच विचारत्या झाल्या,

"काय गो? तू कित्याक धावतंस?"

"मी? अहो, तुम्ही का धावताय? बापू बरे आहेत ना?"

"बापूंका काय धाड भरली हा? पेपर वाचतत." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "सांगतंय, सांगतंय. आधी श्वास येवंदे."

आमच्या हायस्कुलात त्या हिंदी शिकवायच्या आणि मी मराठी. मी घाटावरून बदलून आलेली, कोकणात कोणाची ओळख नाही. बाईंनीच मला त्यांच्या शेजारचं घर भाड्याने मिळवून दिलं होतं. बाईंची हिंदी मालवणी चालीवरची होती. "बच्चो, आता गप बैठो मां," असं त्या म्हणाल्या की सगळा वर्ग गप्प बसायचा, कारण त्यापुढचं वाक्य काय येईल याची मुलांना उत्सुकता असायची. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, चांगली भरलेली बाई. शाळेची घंटा झाली की सगळे शिक्षक लगबगीने वर्गाकडे जायचे आणि बाई मात्र व्हरांड्यातून रमतगमत, वाटेत शिपायाच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करत, कोणाच्या आंब्याला यंदा मोहर किती ते विचारत वर्गात पोचायच्या. मुख्याध्यापकांनी त्यांना एकदा घड्याळ दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "छान आहे. नवीन घेतलंत?"

अशी बाई धावत होती.

कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. कारण म्हणजे बापूच. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर उपचार झालेत, रोज चाललात तर पाय परत येईल. पण बापू खुर्चीतून उठेनात. आयुष्यभर चालत्या गाडीत तोल सांभाळून तिकिटं फाडलेला माणूस, त्याला अंगणात काठी टेकत चालताना लोकांनी बघावं हे सोसत नव्हतं. बाईंनी समजावलं, रागावल्या, रडल्या, डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. बापूंचं एकच उत्तर. "माका जमाचा नाय."

शेवटी एका संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिकडे कुठल्यातरी मॅरेथॉनमध्ये धावली होती, त्याचे फोटो तिने पाठवले होते. बाई बापूंना फोटो दाखवत होत्या. बापू म्हणाले, "बेचाळीस किलोमीटर? माणूस मरात मां."

"त्या क्षणाक माका काय झाला काय म्हायत," बाई मला सांगत होत्या, "मी म्हटलंय, बरां, तुमका जमाचा नाय तां तुमी करा, आणि माका जमाचा नाय तां मी करतंय. तुमी अंगणात चला, मी बेचाळीस किलोमीटर धावतंय. मी ज्या दिवशी जावचंय नाय, त्या दिवशी तुमी पण बसा."

"मग ते काय म्हणाले?"

"हसले. वर्सभरात पयल्यांदा हसले. म्हणाले, तू? नि धावतलंस? मगे मी पण चलतंय. तेंका वाटला, दोन दिवसांत माझो दम सुटतलो."

करार असा झाला. बाई धावून घरी आल्या की बापूंनी उठायचं, काठी घ्यायची आणि विहिरीला वळसा घालून यायचं. हा करार आमच्यातच ठेवायचा, असं बाईंनी मला बजावलं.

सुरुवात अगदी साधी होती. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, तिथून पुढच्यापर्यंत चालायचं. मुलगी फोनवरून शिकवायची. बाईंनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला, ओढणी कमरेला घट्ट बांधली. गावाला धावण्यापेक्षा त्या ड्रेसचाच धक्का जास्त बसला. बूट कुडाळच्या बाजारातून आणले. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी काय?" बाई म्हणाल्या, "होय, माझ्या आईच्या मुलीसाठी."

पण खरी अडचण पायांची नव्हती, रस्त्याची होती. आमच्याकडे रस्त्यावर भेटलेला माणूस "खंय चललास?" असं विचारतोच आणि त्याला नीट उत्तर द्यावं लागतं. धावत जाणाऱ्या बाईला तर दर दहा पावलांवर कोणी ना कोणी थांबवायचं. "बाई, कोणाक काय झाला ओ?" "बाई, एसटी चुकली काय?" बाईंनी आधी सांगून बघितलं की व्यायाम करते. त्यावर लोक हसायचे. दारात विहीर असताना, पाणी काढायचं असताना व्यायाम कसला? साखर वाढली आहे असं सांगितलं, तर प्रत्येकाने कारल्याचा नाहीतर जांभळाच्या बियांचा उपाय सांगायला अर्धा तास घेतला. शेवटी एका सकाळी वैतागून बाई म्हणून गेल्या, "नवस आसा!"

आणि रस्ता मोकळा झाला. नवस म्हटल्यावर विचारायचं काही उरत नाही. लोक बाजूला होऊ लागले. एकदोघी तर हातही जोडायच्या.

लिफ्टचा त्रास मात्र राहिलाच. चालणाऱ्या माणसाला बघून गाडी न थांबवणं आमच्याकडे फार वाईट समजतात, आणि ही तर घामाघूम झालेली शाळेतली बाई. रिक्षा थांबायच्या, टेम्पो थांबायचे. बाई हात हलवून नको म्हणायच्या. एक दिवस मात्र त्यांचाच जुना विद्यार्थी नवी कोरी रिक्षा घेऊन आला. हार अजून काचेवर होता. "बाई, तुमचो पाय लागांदे माज्या रिक्षाक," म्हणाला. आता याला नाही कसं म्हणायचं? बाई बसल्या. त्याने हट्टाने थेट फाटकापर्यंत सोडलं.

बाई आत गेल्या तर बापू खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले.

"आज मी चलूचंय नाय. तू रिक्षेतसून इलंस."

"तुमका कोणी सांगला?"

"हिर्लेवाडीच्या नाक्यार बसलंस. माका सगळा समाजता."

झालं होतं असं, की बापूंनी बसल्या जागी आपली एसटीची सगळी जुनी लाइन जागी केली होती. आचऱ्यापासून मालवणपर्यंत प्रत्येक थांब्यावर एखादं चहाचं दुकान आणि त्या दुकानात बापूंच्या ओळखीचा माणूस. बाई घरून निघाल्या की बापू फोन उचलायचे. "आमची गाडी थंयसून गेली काय? किती वाजता? बसली हा काय चलता?" बाई आधी भडकल्या, मग माझ्याकडे येऊन हसत सुटल्या. "वर्सभर ह्यो माणूस कोणाशी बोलाक नाय. आता सकाळपासून फोनार आसा. असांदे. माझी चाडी करण्यासाठी का होईना, बोलता हा."

बाईंचं धावणं एका गोष्टीने बदललं. पहिले दोन महिने त्या दात ओठ खाऊन धावायच्या आणि लगेच धापा टाकायच्या. मुलीने विचारलं, "आई, धावताना तुला बोलता येतं का?" बाई म्हणाल्या, "बोलतंय कसली, जीव जाता." मुलगी म्हणाली, मग तू जास्त वेगाने धावतेस. आरामात गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने धावायचं असतं.

बाई फोन ठेवून तरातरा माझ्या घरी आल्या. "सुजाता! बोलत बोलत धावायचं असतं! हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? मी जन्मभर धावले असते!"

तेव्हापासून मी त्यांच्यासोबत निघायला लागले. धावायला नव्हे, स्कूटरवरून. डिकीत आमसुलाचं मीठ घातलेलं पाणी आणि केळी. मी हळूहळू गाडी चालवायची आणि बाई शेजारून धावत गजाली करायच्या, म्हणजे गप्पा. मिठबावच्या त्यांच्या सासरच्या गोष्टी, बापू लग्नाआधी त्यांच्या कॉलेजच्या गाडीवर कंडक्टर होते आणि मुद्दाम सुटे पैसे नाहीत असं सांगून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे ती गोष्ट. तोंडवळीच्या सुरूच्या बनाकडे पोचेपर्यंत गोष्ट रंगात आलेली असायची, आणि आपण किती आलो ते दोघींच्याही लक्षात नसायचं. मालवणपर्यंत धावत जाऊन एसटीने परत यायचं, हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी गाडीतल्या कंडक्टरने बाईंकडून तिकिटाचे पैसे घ्यायला नकार दिला. "बापूंचो फोन इल्लो," म्हणाला. बाईंनी भांडून तिकीट घेतलं.

या सगळ्या काळात बापू चालत होते, पण बळेच. बाई फाटकात दिसल्या की उठायचे, विहिरीचा वळसा घालायचे आणि परत खुर्चीत. एक पाऊल जास्त नाही.

मुलीने बाईंचं नाव नोंदवलेली मॅरेथॉन गोव्यात डिसेंबरात होती. नोव्हेंबरात बाईंची टाच धरली. सकाळी पाय जमिनीवर टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस पूर्ण विश्रांती, नाहीतर गोवा विसरा. मी तिथेच होते. बाई घरी आल्या, बापूंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझो पाय गेलो. मी धावूचंय नाय. आता तुमी पण बसा. करार तसोच होतो."

बापूंनी पेपर उलटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना काय हवं नको ते विचारायला मागच्या दाराने गेले. बाई स्वयंपाकघरात खिडकीखाली चक्क उकिडव्या बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हात धरून मलाही खाली बसवलं.

"गप. वर बघू नको. आपण बघतंव म्हणान कळला तर बसतले."

आम्ही खिडकीच्या चौकटीवरून हळूच बघितलं. बापू विहिरीला वळसा घालत होते. तो झाल्यावर खुर्चीकडे न जाता ते तसेच पुढे माडांच्या रांगेकडे निघाले. काठी टेकायचे, डावा पाय ओढून आणायचे, थांबायचे, परत काठी. एका माडाला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं आता वळतील. ते पुढच्या माडाकडे निघाले.

चुलीवरची पेज उतू गेली, तरी बाई हलल्या नाहीत. पदराचं टोक तोंडात कोंबून त्या तशाच बसून राहिल्या. नंतर बापू आत आले तेव्हा बाई भांडी घासत होत्या, आणि पाठ न वळवता म्हणाल्या, "आज पेज जरा करपली हा. पेपरात काय इला?"

टाच बरी झाली. गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी देवळातून बोलावणं आलं. नवस म्हटलं होतं ना. देवळाचे मानकरी गावकार बाईंना म्हणाले, "देवाक सांगल्याशिवाय कशी जातलंस?" मग देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. बाई संकोचून हात जोडून उभ्या, बाजूला पंधरा-वीस माणसं, आणि गावकारांनी खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ही तुजी लेक, मिठबावकरांची सून, गोयांक धावाक जाता हा. बेचाळीस मैल…"

"किलोमीटर," बाई डोळे मिटलेल्याच कुजबुजल्या.

"किलोमीटर काय मैल, तां तुका म्हायत आसा म्हाराजा! तिच्या पायांत बळ दी. वाटेर काय काटोकुटो आसात, तो बाजूक कर. आणि जेच्यासाठी ती धावता हा, तेका खुर्येतसून पुरतो उठव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. सांगितलं होतं बापूंनीच. रोज सकाळी चहाच्या दुकानांत फोन करताना हा माणूस बायकोची फक्त चाडी करत नव्हता, ती का धावते हेही सांगत होता. सगळ्या रस्त्याला ते ठाऊक होतं. त्या बायका हात जोडायच्या, त्यांनाही. बाईंनी परत डोळे मिटले आणि पुढचं "होय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

बापू गोव्याला यायचंच म्हणाले. भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते ड्रायव्हरला सबंध वाटेत वळणं सांगत होते. शर्यत अंधारातच सुटली. बाई हजारभर लोकांच्या शेवटच्या टोकाला होत्या, आणि सुटायच्या आधीच त्यांची शेजारच्या बाईशी ओळख झालेली होती. मी आणि बापू शेवटच्या कमानीजवळ जाऊन बसलो.

ऊन चढलं. भराभर येणारे लोक येऊन गेले, मग तुरळक येऊ लागले, मग लंगडत येणारे. बापूंना खुर्ची मिळाली होती, पण ते काठीवर रेलून उभेच होते. रस्ता परत गाड्यांना मोकळा करायची वेळ झाली आणि माझा फोन वाजला. बाई होत्या. मी स्पीकर लावून फोन बापूंच्या पुढे धरला.

"अवो," बाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "वेळ संपलो म्हणतत. हयसर गाडी इली हा, तीत बसा म्हणतत. अजून सात-आठ किलोमीटर आसा. काय करू?"

माझ्या मनात आलं, आता हे हिर्लेवाडीच्या रिक्षेसारखं काहीतरी बोलणार. बापू फोनकडे वाकले.

"बस गो गाडयेत," ते म्हणाले. "उनाचा कित्याक मरतंस? मी चलतलंय. तू धावलंस तरी चलतलंय नि नाय धावलंस तरी चलतलंय. करार संपलो."

पलीकडून नुसतं गाड्यांचं येणंजाणं ऐकू येत होतं.

"मगे मी येतंय," बाई म्हणाल्या. "पण चलत येतलंय. वेळ लागात. तुमी गोळी घेवा."

त्या फुटपाथवरून चालत आल्या. तोवर कमान उतरवून झाली होती, खुर्च्यांच्या चवडी टेम्पोत चढत होत्या. लांबून त्यांचा तो पंजाबी ड्रेस दिसला. बापू काठी टेकत रस्त्याच्या कडेला पुढे झाले. बाई त्यांच्यासमोर येऊन थांबल्या, घामाच्या मिठाने पांढरा झालेला चेहरा, केस कपाळाला चिकटलेले, आणि पहिलं वाक्य बोलल्या,

"गोळी घेतलास काय नाय?"

"घेतलंय," बापू म्हणाले. "कितको उशीर!"

मग दोघंही तिथल्या कठड्यावर बसले आणि कितीतरी वेळ एकमेकांकडे न बघता समोरची रहदारी बघत राहिले. सामान आवरणाऱ्या एका मुलीने खोक्यात शोधून एक पदक आणून दिलं. बाईंनी तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, आई काय करते ते विचारलं, आणि पदक पर्समध्ये टाकलं.

आचऱ्यात आल्यावर गावकारांनी विचारलं, "कितवो नंबर?"

"माज्या मागे कोणच नाय होता," बाई म्हणाल्या.

"म्हणजे पयलो!" गावकार म्हणाले, आणि बाईंनी ते खोडून काढलं नाही.

त्यानंतर त्या शर्यतीत कधी उतरल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "सांगतंय काय, बेचाळीस किलोमीटर एकटीनंच धावायचं म्हणजे फार. वाटेत बोलायला माणूस मिळत नाही शेवटी शेवटी." पण सकाळच्या धावत राहिल्या, जेवढं बोलता येईल तेवढ्याच वेगाने. बापू विहिरीपासून माडांपर्यंत, माडांपासून फाटकापर्यंत आणि पुढे देवळापर्यंत चालू लागले. वाटेत लोक त्यांना थांबवायचे आणि ते थांबायचे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुलीला बाळ झालं होतं, आणि दोघांनी पुण्याला जायचं ठरवलं. मी त्यांना पोचवायला कुडाळ स्टेशनवर गेले. गाडी दोनच मिनिटं थांबते. डबा पुढे लागला, पिशव्या होत्या, आंब्याचं खोकं होतं, कोणीतरी हमाल हमाल म्हणून ओरडत होतं. बाई नेहमीप्रमाणे शेजारच्या कुटुंबाशी बोलत उभ्या होत्या. मी पिशव्या उचलल्या आणि वळून बघते तो बापू डब्यात चढलेले. काठी आत फेकलेली, एका हाताने दांडी धरलेली, आणि दुसरा हात, तो डावाच, बाहेर काढून ते ओरडत होते, "चला, चला, आत सरका! बाई, गजाल मगे!"

बाईंनी तो हात धरला आणि वर चढल्या.

मी खिडकीशी गेले. निरोपाचं काहीतरी बोलायचं मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण आत समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, आणि मिठबावकर बाई तिच्याकडे पुढे वाकून विचारत होत्या, "खंय चललास?" म्हातारीने काहीतरी उत्तर दिलं, बाईंनी हात वर करून आनंदाने मान डोलावली, बहुधा कोणीतरी ओळखीचं निघालं होतं. गाडी हलली. बापूंनी मला हात केला. बाई बोलत होत्या. माझ्याकडे बघायचं त्या साफ विसरल्या होत्या.